घरी गाणं रेकॉर्ड करायला माइक: स्वस्तातला चालेल की महागच घ्यावा?

रातांबा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतो. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचंय आणि कामं दोन आहेत. एक म्हणजे धाकटी बहीण नाट्यसंगीत आणि अभंग गाते, आवाज खणखणीत, तार सप्तकात गेली की अख्खी खोली भरते, तिचं व्यवस्थित रेकॉर्डिंग हवंय म्हणजे स्पर्धांना पाठवता येईल, यूट्यूबवर टाकता येईल. दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आईला धालोची (पौषात बायका समोरासमोर ओळी करून म्हणतात ती), फुगडीची आणि जात्यावरची पुष्कळ गाणी तोंडपाठ आहेत. तिचं वय झालंय, आवाज बारीक झालाय, गुणगुणल्यासारखं गाते, ते सगळं नीट साठवून ठेवायचंय. मोबाईलवर करून बघितलं तर पंख्याची घरघर आणि आईचा आवाज अगदी सारख्याच जोरात येतो.

बजेट सगळं मिळून तीस हजार. एका दुकानात विचारलं तर म्हणे नॉयमन कंपनीचा तीन लाखाचा स्टुडिओ माइक घ्या नाहीतर काही घेऊच नका, आणि ऑनलाईन बघितलं तर दीड हजारात बीएम ८०० नावाचा माइक मिळतोय आणि त्याच्याखाली लोकांनी लिहिलंय की स्टुडिओसारखा आवाज येतो. किमतीत जवळजवळ दोनशेपट फरक, मग आवाजात पण खरंच तेवढा असतो का? घर गोव्यात पेडण्याकडचं, जुनं आहे, मंगळुरी कौलं, मधे राजांगण. रेकॉर्डिंग आतल्या खोलीत करेन. जाणकारांनी सांगावं.

तारसप्तक
डोळे झाकून ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० घे आणि बरोबर स्कार्लेट सोलो हा इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र. माइक आठ-दहा हजारात, इंटरफेस साधारण तेवढ्यातच, उरलेल्यात स्टँड, केबल, हेडफोन. माझं सगळं काम त्याच्यावर चालतं, भजनी मंडळांचे ट्रॅक केलेत, कोणी आजवर विचारलं नाही माइक कुठला म्हणून. आणि तो दीड हजाराचा बीएम ८०० घेऊ नकोस. बाहेरून मोठ्या कंडेन्सरसारखा (विजेवर चालणाऱ्या नाजूक स्टुडिओ माइकसारखा) दिसतो पण आत जाळी उघडून बघ, शर्टाच्या बटणाएवढी छोटी इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, असते. त्याच्याबरोबर जी पातळ वायर देतात ती लॅपटॉपच्या साडेतीन एमएमच्या भोकात घालून लोक वापरतात, तिथे पुरेसा करंट मिळत नाही, मग आवाज येतो पण सुकलेला येतो आणि मागे सूं असा आवाज. नीट ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी वीज, दिला तर बरा वाजतो, पण फँटम द्यायला इंटरफेस घ्यायचाच असेल तर मग माइक तरी असला का घ्यायचा?

घुमटवादक
माझं मत वेगळं. कौलारू घर, बाहेर कावळे, कुत्री, सकाळी पाववाल्या पोदेराचा पों पों, कंडेन्सर घेतलास तर हे सगळं रेकॉर्ड होईल. डायनॅमिक घे, म्हणजे वीज न लागणारा दणकट माइक. शुअर एसएम५८, १९६६ पासून तोच माइक चालू आहे, पडला तरी काही होत नाही, पावसात काही होत नाही. दहा हजाराच्या आसपास. फक्त अस्सल बघून घे, नकली एसएम५८ बाजारात भरपूर. अस्सलचं वजन २९८ ग्रॅम असतं, किराणावाल्याच्या काट्यावर टाकून बघ, नकली बऱ्याचदा हलका भरतो. आणि अर्ध्या किमतीत कोणी देत असेल तर तिथेच समजायचं.

आल्तिनो
रातांबा, पणजीत रेकॉर्डिंगच्याच धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबेल.

आधी घुमटवादक यांचा मुद्दा, कारण हा समज सगळीकडे आहे की कंडेन्सर बाहेरचे आवाज जास्त ओढतो आणि डायनॅमिक ओढत नाही. माइकला कुत्रा कुठला आणि गायिका कुठली ते कळत नाही. दोन्ही कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे, असतील आणि दोन्ही तोंडापासून सारख्याच अंतरावर ठेवले, गेन (रेकॉर्डिंगची पातळी) लावून गाण्याचा आवाज सारखा केला, तर कुत्रा दोन्हीकडे जवळपास तेवढाच ऐकू येतो. डायनॅमिकवर कमी वाटतो त्याचं खरं कारण म्हणजे माणूस एसएम५८ ला ओठ टेकवून गातो आणि कंडेन्सरपासून दीड फूट लांब उभा राहतो. थोडा फरक असतो तो डायनॅमिकच्या वरच्या पट्टीत कमी तजेला असतो म्हणून, बाहेरची सळसळ त्यात बुजते. पण मुख्य गोष्ट अंतर. अंतर निम्मं केलं की गळ्यातून थेट येणारा आवाज साधारण ६ डीबीने (डीबी हे आवाजाचं माप) वाढतो आणि खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. हे फुकट मिळतं, दुकानात जावं लागत नाही.

आता किमतीचं. मी सरळ सांगतो, लाखाचा माइक आणि वीस हजाराचा माइक यांच्यात फरक आहे, तो मला ऐकू येतो, माझ्या गिऱ्हाइकांनाही हेडफोनवर ऐकू येतो. पण तो फरक खोलीच्या फरकाच्या खाली दबून जातो. उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या खोलीत नॉयमनचा यू८७ लावला तर तुम्हाला तीन लाखात ऐकू येते ती फरशी. आणि गाद्या, कपड्यांनी भरलेल्या खोलीत एटी२०२० एक वीत अंतरावर लावला तर ऐकणाऱ्याला कळायला कठीण जातं की हे घरी केलंय.

आकडे बघा म्हणजे पटेल. प्रत्येक कंडेन्सरचा स्वतःचा एक सूक्ष्म हिस असतो, सेल्फ नॉइज म्हणतात, कंपनी तो छापते. एटी२०२० चा २० डीबी. नॉयमन टीएलएम १०३ चा ७. नॉयमन यू८७ एआय चा १२. आणि रोड कंपनीचा एनटी१, जो वीस हजाराच्या आसपास येतो, त्याचा ४ च्या जवळ. म्हणजे या एका बाबतीत वीस हजारवाला तीन लाखवाल्याच्या पुढे आहे. आता तुमच्या खोलीत रात्री सगळं निजल्यावर सुद्धा ३० डीबी सहज असतं, पंखा लावला की त्याच्या कितीतरी वर. तुमच्या बहिणीसाठी हे २० की ४ याने काडीचा फरक पडणार नाही, तिचा आवाज मोठा आहे. आईसाठी मात्र पडेल. बारीक आवाज म्हणजे गेन वाढवावा लागतो आणि गेन बरोबर हिस पण वर येतो. तिथे एनटी१ सारखा शांत माइक कामाला येईल.

त्याच कारणासाठी आईला डायनॅमिक नको. शुअरचा एसएम७बी सगळे पॉडकास्टवाले लावतात म्हणून लोक मागतात, चाळीसच्या आसपास जातो, पण त्याचा आउटपुट इतका कमी की साठ डीबी तरी स्वच्छ गेन लागतो, छोट्या इंटरफेसची तिथे दमछाक होते, मग मधे बूस्टर घाला, म्हणजे अजून खर्च. जोरात गाणाऱ्यासाठी तो उत्तम आहे यात वाद नाही. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर' या गाजलेल्या अल्बमचं गायन रेकॉर्डिस्ट ब्रूस स्वेडियनने एसएम७ वरच घेतलं होतं, म्हणजे त्याच माइकच्या आधीच्या रूपावर, आणि तेव्हा त्याच्या स्टुडिओत नॉयमन काही कमी नव्हते.

मांडवीकाठी
आल्तिनोदादांचं पटलं पण गाणाऱ्याच्या बाजूने मला बोलायचंय. मी शास्त्रीय आणि भावगीत गाते, घरचे साधे माइक आणि स्टुडिओतला नॉयमन दोन्हींवर गायले आहे. सगळ्यात मोठा फरक मला स, श, च या अक्षरांत जाणवला. माझ्या आवाजात स मुळातच धारदार. घरच्या स्वस्त कंडेन्सरवर प्रत्येक स कानात टोचायचा, मग रेकॉर्डिंग करणारा स दाबणारा डी-एसर लावायचा आणि मग बोबडं ऐकू यायचं. नॉयमनवर तोच स मऊ येतो आणि शब्द तरी स्पष्ट राहतात. आणि हेडफोनमध्ये आपलाच आवाज चांगला ऐकू आला की गाणं खुलतं, श्वास सैल होतो, मुरकी हवी तिथे जाऊन बसते. त्याची किंमत आकड्यात कशी मांडणार? तेव्हा महाग माइक म्हणजे नुसता दिखावा असं कोणी म्हणू नये.

तारसप्तक
ताई, डोळे बांधून ऐकवलं असतं तर ओळखलं असतं का, हा माझा खरा प्रश्न आहे, राग मानू नका. समोर नॉयमन दिसला की माणूस गातोच चांगला.

मांडवीकाठी
राग कसला. स मी डोळे बांधूनसुद्धा ओळखेन. बाकीचं, म्हणजे आवाजाचा भरीवपणा, खर्ज वगैरे, ते नाही सांगता येणार कदाचित.

आल्तिनो
ताईंचा स बरोबर आहे आणि त्यामागे कारण आहे, ते सांगतो कारण माइक घेताना उपयोगी पडेल.

नॉयमनच्या यू६७ आणि यू८७ मध्ये के६७ नावाची कॅप्सूल आहे. तिचा स्वभावच असा की वरची पट्टी ती उचलून देते, आणि नॉयमनने ते गृहीत धरून सर्किटमध्ये ती परत खाली आणून ठेवली आहे. दोन्ही मिळून आवाज सपाट आणि गोड येतो. पुढे स्वस्त माइक बनवणाऱ्यांनी कॅप्सूलची नक्कल केली, ती दिसायला हुबेहूब, पण बऱ्याच जणांनी सर्किट साधं सपाट ठेवलं, उतरवणारा भाग घातलाच नाही. त्यामुळे ती उचललेली पट्टी तशीच्या तशी बाहेर येते. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं वा, काय स्वच्छ आवाज आहे. तासभर ऐकलं की डोकं दुखतं. दुकानात दोन मिनिटं ऐकून माइक घेणारे इथेच फसतात. सगळे स्वस्त माइक असे नाहीत, एटी२०२० ची कॅप्सूल वेगळ्या जातीची आहे, लहान आहे, तो त्यामानाने शांत वाजतो.

म्हणून माइक बघायला जाल तेव्हा बहिणीला घेऊन जा आणि तिला नुसतं सा लावायला सांगू नका. स, श, भ, फ, ध, प भरपूर असलेल्या ओळी म्हणायला लावा. आम्ही नवीन माइक आला की भाव, भक्ती, फूल, पंढरपूर, सासुरवास, शेषशायी असे शब्द एका दमात म्हणवून घेतो. मराठीत महाप्राण अक्षरं खूप, प्रत्येक भ आणि फ बरोबर तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो आणि तो माइकच्या आतल्या पडद्यावर आपटला की धप्प असा आवाज येतो. समोर चार बोटांवर तो झोत अडवणारा पॉप फिल्टर हवाच, आणि माइक तोंडासमोर नाकापुढे सरळ न ठेवता किंचित बाजूला ठेवून तोंडाकडे वळवायचा, झोत बाजूने निघून जातो. स पण त्यानेच अर्धा मऊ होतो.

शब्दसूर
एक विचारू का. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, आपल्या केरी गावची बाई. ती मूळ रेकॉर्ड ७८ च्या तबकडीची, साडेतीन मिनिटांची, मोनो. त्या काळातल्या माइकपेक्षा आजचा दहा हजाराचा माइक कागदावर सरसच असणार. मग एवढा खल कशाला, गळा असेल तर सगळं आहे.

आल्तिनो
शब्दसूर, गळ्याचं खरं आहे, पण हे उदाहरण स्वस्त माइकच्या बाजूने उभं करू नका. ग्रामोफोन कंपन्यांकडे तेव्हा जगात मिळत होतं त्यातलं चांगलं सामान होतं, आवाज आवरलेली खोली होती, गायकाला कुठे बसवायचं हे ठरवणारा माणूस होता. दोन पावलं पुढे सरका, सारंगी मागे घ्या, हे सगळं ठरवून मग एका दमात रेकॉर्ड व्हायचं, नंतर दुरुस्तीची सोय नाही. आज आपण माइकची चर्चा करतो आणि त्या माणसाचं काम विसरतो. रातांबाच्या घरी ते काम रातांबाला करायचंय, माझा सगळा आटापिटा त्यासाठी.

कुळागर
मी सत्तरी तालुक्यातला, वर सगळ्यांनी लिहिलं पण दमटपणावर कोणी बोललंच नाही आणि गोव्यात तोच मोठा शत्रू. माझ्या एका कंडेन्सरने ऐन जुलैत चटचट करायला सुरुवात केली, आधी वाटलं केबल, मग वाटलं इंटरफेस, शेवटी कळलं की ओल आहे. कंडेन्सरच्या आत पडद्याजवळ फार मोठ्या रोधाचं सर्किट असतं, तिथे हवेतली ओल आणि धूळ मिळून एक बारीकशी वाट तयार करतात, चार्ज तिथून गळतो आणि तेच चटचट, फुसफुस म्हणून ऐकू येतं. महाग असो स्वस्त असो, कंडेन्सर आहे तिथे ही भीती आहेच, उलट लाखाचा माइक पावसाळ्यात उघडा टांगून ठेवणं म्हणजे जिवाला घोर.

उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजायचं, मंद आचेवर भाजले की परत निळे होतात, पण त्यासाठी जुनी वेगळी कढई ठेवा, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो, स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको. काम झालं की माइक पुसून लगेच डब्यात. आणि रेकॉर्डिंगच्या आधी पंधरा-वीस मिनिटं फँटम चालू करून ठेवायचा म्हणजे माइक खोलीच्या हवेला सरावतो.

घुमटवादक
म्हणूनच म्हटलं ना डायनॅमिक 🙂 त्याला ही कटकटच नाही.

रातांबा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. आता दोन-तीन शंका. एक, खोलीचं नक्की काय करू? स्पंजचे ते काळे चौकोन लावायचे की अंड्याचे ट्रे? दुसरं, पाऊस. कौलांवर पाऊस पडायला लागला की घरात बोललेलं ऐकू येत नाही. आणि तिसरं म्हणजे धालो दोन ओळींत म्हणतात, समोरासमोर, एक ओळ म्हणते मग दुसरी उत्तर देते. आई म्हणते एकटी म्हणून त्याला मजा नाही, शेजारच्या बायकांना बोलावून म्हणू. ते कसं करायचं एका माइकवर?

आल्तिनो
अंड्याचे ट्रे नको. पातळ पुठ्ठा आहे, काही शोषत नाही, वर आग लागायची भीती. पातळ स्पंज फक्त वरची पट्टी खातो आणि खोली बसल्यासारखी ऐकू येते. तुमच्या घरात याहून चांगलं सामान पडलेलं आहे. कापसाच्या जुन्या गाद्या, गोधड्या, कपड्यांचं उघडं कपाट. खोलीत मधे उभं राहून एक टाळी वाजवा, टाळीनंतर टर्रर असा शेपूट ऐकू आला तर दोन समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींवर फेकतायत, त्यातली एक झाका.

आणि गादी कुठे लावायची तर गाणाऱ्याच्या पाठीमागे. लोक माइकच्या मागे लावतात. अहो कार्डिऑइड माइकची पाठ बहिरी असते, तो बघतो गाणाऱ्याकडे, म्हणजे गाणाऱ्याच्या मागची भिंत त्याला समोर दिसते. तिथून परत येणारा आवाज अडवायचा. एक गादी पाठीमागे उभी, दोन बाजूंना दोरीवर गोधड्या, खाली सतरंजी. एवढं केलं की माझ्या मते दहा हजाराचा माइक वीस हजाराचा होतो. कौलारू घराचा एक फायदा आहे, वरचं छप्पर उतरतं असतं, लाद्या आणि स्लॅबच्या सपाट खोलीसारखा आवाज वरखाली आपटत बसत नाही.

पावसावर इलाज नाही. कुठलाही माइक, तीन लाखाचा सुद्धा, कौलावरचा पाऊस वेगळा काढू शकत नाही. सॉफ्टवेअरने काढायला गेलात तर आईच्या आवाजातला श्वास पण जाईल आणि जात्यावरच्या गाण्यात श्वासच तर सगळं धरून ठेवतो. ऑक्टोबर संपल्यावर करा, किंवा पावसाळ्यात रात्रीची उघडीप बघून. पंखा बंद, फ्रिज त्या वेळेपुरता बंद, आणि नंतर आठवणीने चालू करा.

धालोसाठी तुम्हाला कार्डिऑइड चालणार नाही, एक ओळ जवळ ऐकू येईल आणि दुसरी लांब विहिरीतून आल्यासारखी. फिगर ऑफ एट नावाचा पॅटर्न असतो, माइक पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, डाव्या-उजव्या बाजूंनी बहिरा असतो. तसा माइक दोन ओळींच्या बरोबर मधे ठेवला की झालं. ओळी पुढे-मागे सरकतात तसा आवाज थोडा जवळ लांब होईल, तो होऊ दे, त्यातच ती गंमत आहे. असा माइक विकत घ्यायची गरज नाही, कोणाकडून दोन दिवस मागून आणा किंवा भाड्याने घ्या. किंवा छोटा हँडी रेकॉर्डर, झूम किंवा टॅस्कॅम कंपनीचा, मधे स्टँडवर ठेवा, स्टिरिओमध्ये दोन्ही ओळी येतात. बायका लाजणार नाहीत हा त्याचा मोठा फायदा, मोठा माइक मधे उभा केला की अर्ध्या जणी गप्प होतात.

मांडवीकाठी
हे शेवटचं अगदी खरं. आणि आईंचं एकटीचं रेकॉर्डिंग करताना त्यांना उभं करू नका हो. खाली बसून गातात ना, तसंच बसू दे. वाकणारा बूम स्टँड घ्या आणि माइक कपाळाच्या उंचीवरून तोंडाकडे वाकवून ठेवा, नजरेसमोर आला की माणूस अवघडतो. हाताला काहीतरी काम द्या, सुपात तांदूळ द्या निवडायला, फक्त सूप माइकपासून लांब.

तारसप्तक
मग तीस हजारात शेवटी काय घ्यायचं ते सांगा कोणीतरी. मी अजून माझ्या एटी२०२० वर ठाम आहे, बहिणीसाठी तरी.

आल्तिनो
बहिणीसाठी एटी२०२० ला माझा विरोध नाहीच. पण पैसे एकदाच खर्च करायचे आणि दोन्ही आवाज सांभाळायचे तर मी रोड एनटी१ चं पाचवं जनरेशन घेईन. त्याला एक्सएलआर (इंटरफेसला जोडायची) आणि यूएसबी दोन्ही जोडण्या आहेत, म्हणजे आज इंटरफेस नाही घेतला तरी लॅपटॉपला सरळ लागतो. शॉक माउंट (हादरे अडवणारी पकड) आणि पॉप फिल्टर खोक्यातच येतात. यूएसबीवरून ३२ बिट फ्लोट मिळतं, बहिणीची तान अचानक वर गेली तरी रेकॉर्डिंग फाटत नाही. उरलेल्या पैशात जड पायाचा बूम स्टँड, हलका घेऊ नका, पुढे माइक लावला की आडवा होतो. आणि बंद कपांचे हेडफोन, एटीएच एम२०एक्स किंवा त्याच्यासारखे, कारण तानपुरा कानात वाजणार आणि उघड्या हेडफोनमधून तो माइकमध्ये जाणार. पुढे कधी बहीण बँडबरोबर किंवा पखवाज, हार्मोनियम घेऊन एकत्र रेकॉर्ड करायला लागली की तेव्हा इंटरफेस आणि एक एसएम५८ घ्या, त्या गोंगाटात जवळ धरलेला डायनॅमिकच बरा, घुमटवादक तिथे बरोबर आहेत.

आणि हो, इंटरफेस आल्यावर, म्हणजे ३२ बिट फ्लोट नसताना, गेन लावताना आलापावर लावू नका. सगळ्यात मोठी तान आधी घेऊन दाखव म्हणायचं आणि ती मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास राहील असं बघायचं. खरं गाताना माणूस त्याहून जोरात जातोच.

आता महाग माइक कोणी घ्यावा, कारण ताईंचा मुद्दा अर्धवट राहायला नको. ज्याच्याकडे रोज वेगवेगळे आवाज येतात त्याने घ्यावा. आज लहान मूल, उद्या कीर्तनकार, परवा तियात्रातली, म्हणजे कोकणी नाटकातली, गायिका. चांगला माइक बहुतेक सगळ्यांना सांभाळून घेतो, बाजूने येणारा आवाजही खराब न करता घेतो, एकाच मॉडेलचे दोन नग घेतले तर सारखे वाजतात, बिघडला तर वर्षांनी सुद्धा पार्ट मिळतात, आणि विकायला काढला तर किंमत येते. यू८७ १९६७ चा, पहिल्या वर्षांतले नग आजही कामावर आहेत. स्टुडिओला तो खर्च परवडतो कारण तो रोज कमावतो. एका घरात, दोन ठरलेल्या आवाजांसाठी, त्या दोन आवाजांना शोभेल असा एक माइक शोधला की पुरे. आणि बहिणीचं एखादं गाणं खरोखर प्रसिद्ध करायचं ठरलं तर तेवढ्यापुरता तासावर स्टुडिओ घ्या, तिथे नॉयमन पण मिळेल आणि खोली पण. तीन लाख गुंतवण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं.

कुळागर
+१. फक्त डबा आणि सिलिका जेल त्या तीस हजारातच धरा, नंतर घेऊ म्हटलं की राहून जातं.

घुमटवादक
एनटी१ वर हरकत नाही. आई आणि अंतर या दोन गोष्टी वाचल्यावर माझं मत बदललं, बहिणीसाठी मात्र एसएम५८ एकदा ऐकून बघाच.

रातांबा
ठरलं तर मग, एनटी१, जड स्टँड, हेडफोन, डबा. गाद्या माळ्यावर आहेत त्या काढतो. बहिणीला घेऊन जातो आणि त्या शब्दांची यादी पण घेऊन जातो. पाऊस ओसरला की आईपासून सुरू करतो, धालो पौषात मांडावर लागतील तेव्हा रेकॉर्डरवर. एक शेवटचं, फाइल कशी ठेवू? व्हॉट्सअपवर पाठवली की आवाज उतरतो असं ऐकलंय.

आल्तिनो
उतरू शकतो, व्हॉट्सअपवर फक्त मामा-मावशीला ऐकवायला पाठवा. मूळ फाइल वेव्ह ठेवायची, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट भरपूर झालं. एमपी३ नंतर कधीही बनवता येते, एमपी३ ची परत वेव्ह केली तरी गेलेलं परत येत नाही. मूळ फाइलवर कुठलाही इफेक्ट, कुठलंही नॉइज रिडक्शन चढवायचं नाही, प्रत काढून तिच्यावर काय ते करा. वीस वर्षांनी सॉफ्टवेअर आजच्यापेक्षा चांगलं असेल, तेव्हा कच्चा माल हाताशी हवा.

आणि प्रत्येक गाण्याआधी आईला बोलू द्या. हे गाणं कोणाकडून शिकली, कुठल्या गावचं, कधी म्हणतात, जात्यावरचं की धालोचं, मधला एखादा शब्द आता कोणाला कळत नसेल तर त्याचा अर्थ. ते गाण्याच्याच फाइलमध्ये राहू दे, वेगळ्या वहीत लिहिलं तर वही आणि फाइल कधीतरी वेगळ्या होतात. फाइलच्या नावात तारीख आणि गाण्याची पहिली ओळ घाला. दोन प्रती तरी करा, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, ती पण कुळागर यांच्या डब्यात ठेवा कारण ओल तिलाही सोडत नाही, आणि दुसरी गावाबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे.